ड्रॉइंग हॉलमधला साबण

मी नोकरीत नेमकं काय करते, हे माझ्या धाकट्या नणंदेला शेवटपर्यंत समजलं नाही. ती नागपूरहून आमच्याकडे आली की जेवताना हमखास विचारायची, "वहिनी, तुम्ही केमिस्ट्री शिकवता ते समजलं मले. पण हे दुसरं काय करून राहिल्या तुम्ही?"

"मास्तरांना शिकवते."

"कावून? त्यायले येत नाही का?"

"त्यांना येतं. पोरांना आलं का, ते कसं बघायचं, हे शिकवते."

मग ती आपल्या भावाकडे बघायची. आमचे हे रस्सा वाढून घेत म्हणायचे, "मले नको विचारू. मी प्लांटमधला माणूस. तिथं लोखंड वितळलं का नाही हे डोळ्याले दिसते."

त्यांचं हे बोलणं मी पुढे कितीतरी कार्यशाळांमध्ये वापरलं. लोखंड वितळलं की दिसतं. मुलगा शिकला की नाही ते दिसत नाही, म्हणून ते दिसेल अशी काही सोय करावी लागते. माझं काम एवढंच होतं.

छत्तीसगढ वेगळं झालं नव्हतं, आम्ही मध्य प्रदेशात होतो तेव्हाची, ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. भिलाईतल्या एका पॉलिटेक्निकमध्ये मी रसायनशास्त्र शिकवत होते. भोपाळला शिक्षकांसाठी एक प्रशिक्षण होतं. तिथं कोणीतरी जायला हवं होतं आणि बाकीच्या सगळ्यांना त्या महिन्यात लग्नकार्यं होती, म्हणून मी गेले. परत आले तेव्हा प्राचार्य नायरसरांनी जाहीर केलं की यापुढे महिन्यातून एका शनिवारी मी सगळ्या स्टाफला, तिथं जे शिकले ते शिकवणार. त्या दिवसापासून स्टाफरूममध्ये माझं नाव 'उद्देश्य मॅडम' पडलं.

आज याला 'लर्निंग आउटकम' असं भारदस्त नाव आहे. आम्ही साधं 'उद्देश्य' म्हणायचो. शिक्षकानं धडा घेण्याआधी एका ओळीत लिहायचं, की तास संपल्यावर विद्यार्थ्याला असं काय करता येईल, जे आधी येत नव्हतं. अट एकच: 'समजेल', 'माहीत होईल', 'जाणेल' असले शब्द चालणार नाहीत. मोजेल, जोडेल, ओळखेल, करून दाखवेल, असं काहीतरी हवं, जे आपल्याला डोळ्यांनी बघता येईल. ऐकायला हे इतकं सोपं वाटतं, की पहिल्या शनिवारी सगळ्यांनी पाच मिनिटांत कागद लिहून दिले. सगळ्यांच्या कागदावर एकच ओळ होती, 'छात्र विषय को भली-भाँति समझेंगे.'

गणिताचे तिवारीजी आमच्यातले सगळ्यांत हजरजबाबी गृहस्थ. ते म्हणाले, "मैडम, हमारे गुरुजी ने बिना उद्देश्य लिखे पढ़ाया. देखिए, हम बन गए कि नहीं?"

मागून कोणीतरी म्हणालं, "इसी का तो डर है."

हशा झाला, समोसे आले, आणि पहिला शनिवार संपला. पुढचे काही शनिवारही असेच गेले. लोक यायचे, कारण प्राचार्य हजेरी बघायचे. ती हजेरी होती म्हणूनच हे काम टिकलं, हे मला आज कबूल आहे. नायरसर स्वतः शेवटच्या बाकावर बसायचे. एक शब्द बोलायचे नाहीत, पण उठूनही जायचे नाहीत.

या कामाला खरी सुरुवात मात्र घोषबाबूंनी करून दिली.

घोषबाबू पूर्वी प्लांटमध्ये फोरमन होते. नोकरी सोडून त्यांनी हथखोजच्या औद्योगिक वसाहतीत स्वतःची शेड टाकली होती आणि प्लांटला लागणारे सुटे भाग ते तयार करून देत. आमच्या मुलांना डिप्लोमा हातात पडण्याआधी काही महिने कारखान्यात काम करावं लागे. प्लांटमध्ये मोजक्याच मुलांची वर्णी लागायची. बाकीच्यांची सगळी भिस्त हथखोजच्या शेडवाल्यांवर. आणि तिथले शेडवाले घोषबाबूंच्या शब्दावर चालायचे.

एका सकाळी ते बारदानात काहीतरी गुंडाळून थेट प्राचार्यांच्या खोलीत आले. मी एका कामासाठी तिथंच बसले होते. त्यांनी बारदान सोडलं आणि आतला लोखंडी तुकडा टेबलाच्या काचेवर ठेवला. यंत्राला आधार द्यायचा एक ब्रॅकेट होता तो.

"सर, ये आपका फर्स्ट डिवीजन," ते म्हणाले.

नायरसरांना काही कळेना. मग घोषबाबूंनीच सांगितलं. आमचा पहिल्या वर्गात पास झालेला एक मुलगा त्यांच्याकडे होता. प्लांटकडून आलेला नकाशा वाचून त्यानं लोखंडावर खुणा केल्या आणि त्यावरून सगळा माल कापला गेला. ब्रॅकेट दिसायला अगदी सुबक, फक्त भोक भलत्या अंगाला. आरशात दिसावा तसा उलटा. सगळी खेप भंगारात गेली.

"लड़का मेहनती है. उसको मैंने कुछ नहीं बोला," घोषबाबू शांतपणे म्हणाले. "उसको सिखाया किसने, वो पूछने आया हूँ."

वर्मासरांना बोलावणं गेलं.

वर्मासर इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवायचे. ते आमच्या पॉलिटेक्निकचं भूषण होते म्हटलं तरी चालेल. हातात रंगीत खडू घेऊन ते फळ्यावर कंपासशिवाय वर्तुळ काढायचे आणि ते खरोखरच गोल असायचं. त्यांचा तास चालू असला की दुसऱ्या शाखांची मुलं खिडकीशी उभी राहायची. तास संपल्यावर फळा पुसायला शिपायाचा हात धजत नसे. ते मूळचे दुर्ग जिल्ह्यातल्या पाटणकडच्या एका खेड्यातले, छत्तीसगढी घरातले, त्या घरातले पहिले शिकलेले. पण कॉलेजात ते अगदी शुद्ध हिंदी बोलत. शिपायाशीसुद्धा त्यांना छत्तीसगढीत बोलताना कोणी ऐकलं नव्हतं. त्यांचं शिक्षण जबलपूरला झालं. तिथं वसतिगृहात त्यांच्या बोलीला मुलं हसायची, हे त्यांनी मला फार पुढे सांगितलं.

त्यांनी ब्रॅकेट उचलून पाहिला आणि काय झालं ते त्यांना लगेच कळलं. वाचकांसाठी थोडक्यात सांगते. कुठलीही वस्तू कागदावर दाखवायची तर ती समोरून, वरून आणि बाजूनं कशी दिसते अशी तीन चित्रं काढतात. बाजूचं चित्र कुठं काढायचं याचे दोन रिवाज आहेत. आमचा प्लांट रशियनांच्या मदतीनं उभा राहिला, त्यामुळे तिथले जुने नकाशे रशियन रिवाजाचे. त्यात डावीकडून दिसणारी बाजू उजवीकडे काढलेली असते. दुसऱ्या रिवाजात डावीकडची डावीकडेच. कोणता रिवाज आहे, ते नकाशाच्या कोपऱ्यात एका छोट्या खुणेनं दाखवलेलं असतं. ती खूण बघायची राहिली की वस्तू उलटी.

"यह मैंने पढ़ाया है," वर्मासर म्हणाले. "दोनों तरीक़े पढ़ाए हैं. उस लड़के की कॉपी मँगवा लीजिए."

त्यात खोटं काही नव्हतं. त्या मुलाच्या वहीत दोन्ही रिवाज इतके रेखीव काढलेले होते की छापल्यासारखे वाटावेत. घोषबाबूंनी पानं उलटली आणि वही मिटून परत दिली.

"कॉपी से ब्रैकेट नहीं बनता, वर्मा साहब."

पुढच्या वर्षापासून आपण मुलं घेणार नाही, आणि बाकीचे शेडवाले विचारतील तर त्यांनाही हेच सांगू, एवढं बोलून ते निघून गेले. ब्रॅकेट टेबलावरच राहिला.

त्या शनिवारी समोशांची आठवण कोणाला झाली नाही. हथखोजची दारं बंद झाली तर कितीतरी मुलांचे डिप्लोमे अडकणार, हे सगळ्यांना कळत होतं. वर्मासर पहिल्या बाकावर ताठ बसले होते. मी त्यांना नेहमीचाच प्रश्न विचारला, की तुमचा विषय संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता येईल?

"ड्रॉइंग पढ़ सकेगा."

"त्यानं ती वाचली, हे तुम्हाला कसं कळेल?" आमचं बोलणं हिंदीतून चाललं होतं, इथं मराठीत देते.

"तो हुबेहूब उतरवून देईल."

"उतरवणं आणि वाचणं एकच का, सर? मला रशियन येत नाही, पण रशियन अक्षरं समोर ठेवली तर मीही बघून बघून उतरवीन."

ते चिडले. साहजिकच होतं. "मग काय, प्रत्येक मुलाला लोखंड कापायला देऊ? एवढं लोखंड येणार कुठून?"

तिवारीजींना राहवलं नाही. "लोहा महँगा है तो साबुन कटवाइए, वर्माजी. ग़लत कटा तो नहा लेंगे."

सगळे हसले. मी हसले नाही, कारण मला त्यात उत्तर दिसलं. आजही त्या विनोदासाठी मी तिवारीजींची ऋणी आहे.

दुसऱ्या दिवशी मी आणि आमचे हे स्कूटरवरून पावर हाउस भागातल्या बाजारात गेलो आणि कपडे धुवायच्या साबणाच्या लांब वड्या पेटीभर घेतल्या. दुकानदारानं विचारलं, "हॉस्टल खोल रहे हैं क्या, मैडम?" ह्यांनी पेटी पायाशी ठेवली आणि म्हणाले, "हे बाई नोकरीच्या पायी एक दिवस मले धुण्यावर बसवणार हाय." पण पेटी घट्ट धरून आणली, आणि रात्री जेवणं झाल्यावर वड्यांचे सारखे तुकडेही त्यांनीच करून दिले.

वर्मासर तयार झाले ते प्राचार्यांनी सांगितलं म्हणून, आणि आपल्या मुलांची खात्री होती म्हणून. ड्रॉइंग हॉलमध्ये प्रत्येक मुलापुढे साबणाचा एक तुकडा, अर्धं ब्लेड आणि एका सोप्या ठोकळ्याचा नकाशा ठेवला. ठोकळ्याला एका बाजूनं पायरी आणि एक भोक, बाकी काही नाही. कागदावरची ही वस्तू साबणात कोरून द्यायची. तासाभरात सगळ्या हॉलमध्ये धोबीघाटासारखा वास पसरला. मुलं मान खाली घालून इतकी मन लावून कोरत होती की मला भरून येत होतं.

वर्मासर एकेका टेबलापाशी जाऊन तुकडे उचलू लागले. बरेचसे उलटे होते. काहींना पायरी जमली होती, भोक चुकलं होतं. आणि काही मुलांनी ठोकळा केलाच नव्हता. त्यांनी साबणाच्या सपाट अंगावर नकाशातली तिन्ही चित्रं जशीच्या तशी कोरली होती. रेघ न् रेघ बरोबर, तुटक रेघांसकट. फारच सुंदर कोरली होती.

असा एक तुकडा हातात घेऊन वर्मासर बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी तो अलगद खाली ठेवला, हात रुमालाला पुसले आणि कोणाकडे न बघता हॉलबाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी रजेचा अर्ज आला. स्टाफरूममध्ये दोन तट पडले. एका चांगल्या शिक्षकाचा मुलांसमोर अपमान झाला, असं काहींचं म्हणणं होतं, आणि त्यात तथ्य नव्हतं असं मी म्हणू शकत नव्हते. शेवटी आठवड्यानं मी मोपेड काढली आणि जुनवानीला त्यांच्या घरी गेले. तेव्हा जुनवानी म्हणजे शेतांमधलं गावच होतं.

दार त्यांच्या पत्नीनं उघडलं आणि मला बघताच तक्रार सुरू केली, "देख ना बहिनी, कपड़ा धोए बर साबुन घलो नइ बाँचिस." कपडे धुवायला घरात साबण उरला नव्हता. आत अंगणात वर्मासर पाटावर बसले होते. समोर साबणाचा चुरा, हातात ब्लेड. खिडकीच्या कट्ट्यावर कोरलेले ठोकळे ओळीनं मांडले होते, सगळे बरोबर.

"बसा मॅडम," ते म्हणाले. "मी रागावलेलो नाही. मी बघतो आहे की नकाशावरून वस्तू करताना माझ्या डोक्यात काय होतं. मी मनातल्या मनात त्या वस्तूभोवती फिरतो. हे मी मुलांना कधी सांगितलंच नाही. मला वाटायचं, फळ्यावर जे आहे ते आपोआप त्यांच्या डोक्यात जातंय." मग ब्लेड खाली ठेवत म्हणाले, "पण आता काय करायचं ते मला माहीत नाही. मला येत होतं तेवढं सगळं करून झालं."

मी म्हटलं, "सर, मला ड्रॉइंगमधलं ओ की ठो कळत नाही. मी एवढंच सांगू शकते, की त्यांचं कुठं अडतंय ते त्यांनाच विचारा. आणि विचारल्यावर गप्प राहा."

हे गप्प राहणं आमच्या प्रशिक्षणातला सगळ्यांत अवघड धडा आहे. शिक्षक प्रश्न विचारतो आणि वर्गात दोन क्षण शांतता पसरली की घाबरून स्वतःच उत्तर देऊन टाकतो. मुलांना हे पक्कं ठाऊक असतं. थोडा धीर धरला की सर बोलतात.

वर्मासर कामावर आले त्या दिवशी मी त्यांच्या वर्गात मागे बसले होते. त्यांनी एकही रेघ काढली नाही. साबणाच्या ठोकळ्याचा तोच नकाशा फळ्यावर लावला, विचारलं, "इसमें कहाँ अटकते हो?" आणि खुर्चीवर बसून राहिले. कोणी बोलेना. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. त्यांच्या हातातला खडू बोटांत फिरत होता, एकदा तोंड उघडलंही, पण त्यांनी ते मिटलं. ती शांतता मलाच सोसवेना. शेवटी खिडकीजवळच्या बाकावरून एक मुलगी उभी राहिली.

दुलारी साहू तिचं नाव. त्या वर्गात मुलीच दोन, त्यातली ही एक. वडील रेल्वेत रुळांवर काम करणारे गँगमन, जवळच्या चरोद्याकडे राहायचे. अख्ख्या वर्षात तिनं वर्गात तोंड उघडलं नव्हतं. ती हिंदीत काहीतरी सुरू करायला गेली, अडखळली, आणि मग घाईघाईनं घरच्या बोलीत बोलून गेली, "सर, मोला आज तक समझ नइ आइस, एला कोन डहर ले देखना हे?"

कोणत्या बाजूनं बघायचं? सगळ्या विषयाची मेख इथंच होती. पण मागची मुलं हसली ती तिच्या बोलीला. दुलारीचा चेहरा उतरला. ती खाली बसणार, तेवढ्यात वर्मासर उठले.

"अतेक दिन ले काबर नइ पूछे, नोनी?" ते म्हणाले. इतके दिवस का विचारलं नाहीस, पोरी?

हसणारी मुलं गप्पच झाली. सरांच्या तोंडून ती बोली त्यांनी पहिल्यांदाच ऐकली होती.

"डर लागथे, सर."

"आ. इहाँ ठाढ़ हो. अब बता, का दिखत हे?"

त्यांनी लाकडी ठोकळा टेबलावर मधोमध ठेवला होता. दुलारीला एका बाजूला उभं केलं, काय दिसतं ते विचारलं, मग दुसऱ्या बाजूला नेलं. तिच्यामागून सगळा वर्ग त्या टेबलाभोवती फिरला. अगदी प्रदक्षिणा घातल्यासारखा. तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी हलेना. मी मागे बसून डोळे पुसत होते, आणि बरं झालं की माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

त्यानंतरचे महिने माझ्या नोकरीतले सगळ्यांत आनंदाचे. वर्मासरांनी खिडकीच्या जुन्या काचा जोडून एक पेटी केली. आत वस्तू ठेवायची आणि प्रत्येक काचेवर त्या बाजूनं दिसेल ते खडूनं उतरवायचं. मग बिजागरीवर काचा उघडून पसरल्या की तीन चित्रांचा नकाशा तयार. मीही एका रविवारी साबण घेऊन मुलांमध्ये बसले. माझा पहिला ठोकळा उलटा झाला आणि दुलारीनं तो मला न हसता समजावून दिला. तिवारीजी "जरा देखने आया हूँ" म्हणत आले आणि पुढे दर रविवारी येऊ लागले. मग त्यांनी गणिताच्या तासाला मुलांना दोरी देऊन मैदान मोजायला नेलं. कोणाला न सांगता. मला ते शिपायाकडून कळलं.

मध्ये एक कसोटी आलीच. अंतर्गत गुण द्यायची वेळ झाली तेव्हा वर्मासरांनी ज्याला जेवढं करता आलं तेवढेच गुण दिले. पूर्वी सगळ्यांच्या सुबक वह्यांना भरघोस मिळायचे, आता निम्मा वर्ग काठावर. पालक आले. भोपाळहून विचारणा होईल म्हणून नायरसर काळजीत पडले. त्यांनी वर्मासरांना बोलावून थोडं सांभाळून घ्यायला सुचवलं.

"सर," वर्मासर म्हणाले, "पुढच्या खेपेला घोषबाबू लोखंड घेऊन येतील, तेव्हा टेबल आपलंच असेल."

नायरसरांनी समोरची गुणांची यादी मिटून ठेवली. मग म्हणाले, "ठीक है. ऊपर मैं जवाब दूँगा." ते त्यांनी दिलं. वरून दोन कडक पत्रं आली, ती त्यांनी आमच्यापर्यंत पोचू दिली नाहीत. असे प्राचार्य वाट्याला येणं हे नशीब. मागे राहिलेल्या मुलांना वर्मासरांनी कामाच्या वेळेनंतर पुन्हा बसवलं, आणि वर्ष संपेपर्यंत बहुतेक सगळी वर आली.

मग नायरसर स्वतः हथखोजला गेले आणि घोषबाबूंना घेऊन आले. घोषबाबूंनी येताना आपल्याकडचा एक नकाशा गुंडाळी करून आणला होता. आमच्यापैकी कोणीही तो पाहिलेला नव्हता. त्यांनी हजेरीपटावर बोट ठेवून काही नावं निवडली. त्यात दुलारीचं नाव आलं.

मुलं कोरू लागली. वर्मासर भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांच्या कपाळावर घाम दिसत होता. बाकीच्यांचं काम संपत आलं. दुलारीचाही ठोकळा जवळजवळ झाला होता, पण ती एकदम थांबली. तुकडा हातात फिरवला, कागदाच्या कोपऱ्यात पुन्हा पाहिलं, आणि उभी राहून सगळ्यांसमोर म्हणाली, "सर, मेरा उल्टा हो गया. दूसरा साबुन मिलेगा?"

वर्मासरांनी डोळे मिटले. तिनं सांगितलं नसतं तर कदाचित बाकीच्या तुकड्यांच्या ढिगात ते खपूनही गेलं असतं. घोषबाबूंनी स्वतः उठून तिला दुसरा तुकडा दिला, आणि तिचं काम संपेपर्यंत तिच्या टेबलापाशी उभे राहिले. दुसरा बरोबर झाला. त्यांनी दोन्ही तुकडे शेजारी ठेवून पाहिले.

"लोहा काटने से पहले जो रुक जाए, मुझे वही चाहिए," ते म्हणाले. "सबको भेजिए. सबसे पहले इसको."

आम्ही सगळ्यांनी श्वास सोडला. पण लगेच घोषबाबूच अवघडले. माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "लेकिन मैडम, मेरी शेड में लेडीज़ के लिए कुछ इंतज़ाम नहीं है. दिन भर लड़की कहाँ जाएगी?"

याचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नव्हता. दुलारीनं ऐकलं असावं. ती टेबलावरचा साबणाचा चुरा हातानं गोळा करत राहिली. घोषबाबू "देखते हैं" म्हणून निघून गेले.

पुढे मी निवृत्त होईपर्यंत हे काम केलं. बऱ्याच कॉलेजांमध्ये गेले. मग परिपत्रकं निघाली, छापील तक्ते आले, आणि ते भरले की झालं असं लोकांना वाटू लागलं. एका कॉलेजातले उद्देश दुसऱ्यानं जसेच्या तसे उतरवलेले मी पाहिले आहेत, टंकलेखनातल्या चुकांसकट. त्याचं वाईट वाटतं. पण त्या वाईट वाटण्यापेक्षा, मी ज्यांचे आभार मानावेत अशी माणसंच माझ्याकडे जास्त आहेत, आणि त्यांत मी घोषबाबूंचं नाव वर ठेवते.

कारण साबणाच्या त्या परीक्षेनंतरच्या सोमवारी मी दुलारीला आणि तिच्या वडिलांना घेऊन हथखोजला गेले. काय होणार ते माहीत नव्हतं. तिच्या वडिलांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. शेडमध्ये यंत्रं सुरू होती. घोषबाबूंनी नमस्कार केला, दुलारीला नकाशांचं टेबल दाखवलं, आणि मला खुणेनं मागच्या बाजूला नेलं.

तिथं कुंपणाच्या कोपऱ्यात नव्या विटांची एक छोटी खोली उभी होती. सिमेंट अजून ओलं होतं. पत्र्याचं दार, आतून कडी, बाजूला पाण्याची टाकी.

घोषबाबू दुसरीकडेच बघत म्हणाले, "मैडम, उसको बोल दीजिए, आज दरवाज़ा ज़रा सँभाल के. रंग अभी गीला है."